विश्लेषण : घरातली वीज आणि १८८४चे एक यंत्र... कोण होते चार्ल्स पार्सन्स?

मोबाइल चार्जिंगला लावला की वीज येते. ती चंद्रपूरहून आली, कोराडीहून आली की तारापूरहून, हे आपल्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही पडत नाही. चंद्रपूर आणि कोराडीत कोळसा जळतो, तारापूरला युरेनियमच्या अणूचे विभाजन होते. अणुभट्टीतून वीज थेट तारेत जाते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथेही अखेर पाणीच उकळले जाते. तिन्ही ठिकाणी पाण्याची वाफ होते, ती एका लांबलचक यंत्रात शिरते, त्याचा दांडा मिनिटाला हजारो फेऱ्या मारतो आणि त्याच दांड्याला जोडलेले जनित्र वीज तयार करते.

या यंत्राचे नाव स्टीम टर्बाइन. वीज म्हटले की एडिसन आणि टेस्ला यांचे रील्स आपल्यासमोर येतात. पण वाफेच्या टर्बाइनने जनित्र फिरवण्याची जोडी ज्याने प्रत्यक्षात चालवून दाखवली, त्या चार्ल्स पार्सन्स यांचे नाव इंजिनीअरिंगच्या पुस्तकाबाहेर फारसे निघत नाही. तिथेही ते एका टर्बाइनच्या प्रकाराला चिकटलेले असते आणि परीक्षेनंतर विसरले जाते.

विजेला फिरते यंत्र का लागते?

तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. चुंबक थांबला की वीजही थांबते. त्यामुळे सतत वीज हवी असेल तर काहीतरी सतत फिरत ठेवावे लागते. जनित्र म्हणजे एवढेच. मधोमध फिरणारा भाग, त्याला रोटर म्हणतात, आणि भोवती स्थिर असलेला भाग, तो स्टेटर. आजच्या मोठ्या जनित्रात रोटर हा विद्युतचुंबक असतो आणि वीज स्टेटरच्या तारांतून बाहेर पडते.

प्रश्न उरतो तो फिरवायचे कोणी हा. कोयनेला उंचावरून येणारे पाणी ते काम करते, साताऱ्याच्या पठारावर वारा करतो. पण १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये ते काम दट्ट्याच्या वाफेच्या इंजिनाकडे होते. सिलिंडरमध्ये वाफ सोडायची, दट्ट्या पुढे ढकलायचा, मग मागे आणायचा. हे पुढे-मागे फेऱ्यांमध्ये बदलायला दांडे आणि भलेमोठे चाक. अशी इंजिने मिनिटाला काहीशे फेऱ्या मारत. त्या काळच्या डायनॅमोला मात्र हजार-दीड हजार फेऱ्या हव्या असत. म्हणून मध्ये पट्टा लावून वेग वाढवावा लागे. यंत्र हादरे, पट्टा घसरे, दिवे लुकलुकत. एका मोठ्या गल्लीला उजेड द्यायचा तर अख्खे शेड भरून इंजिन लागे.

पार्सन्स यांची गोष्ट या अडचणीपासून सुरू होते. पण त्याआधी त्यांचे घर पाहायला हवे, कारण असे घर फार थोड्यांना मिळते.

दुर्बिणीच्या सावलीतले बालपण

चार्ल्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडनमध्ये झाला, पण ते वाढले आयर्लंडमधल्या बर किल्ल्यात. वडील विल्यम पार्सन्स हे रॉस घराण्याचे तिसरे अर्ल. सरदार आणि जमीनदार असूनही त्यांचा जीव रमला तो भट्टीत आणि आरशात. त्यांनी किल्ल्याच्या आवारात स्वतः धातूचा आरसा ओतून ७२ इंच व्यासाची दुर्बीण उभारली. १८४५ मध्ये सुरू झालेली ही दुर्बीण पुढची ७० वर्षे जगातली सर्वांत मोठी होती. काही तेजोमेघांचा आकार भोवऱ्यासारखा आहे, हे याच दुर्बिणीतून पहिल्यांदा दिसले. आज आपण त्यांना सर्पिल दीर्घिका म्हणतो. आई मेरी यांना छायाचित्रणाचा छंद होता आणि त्या काळात त्या स्वतः फोटो तयार करत.

चार्ल्स आणि त्यांचे भाऊ शाळेत गेले नाहीत. दुर्बिणीवर काम करायला येणारे खगोलशास्त्रज्ञच त्यांचे शिक्षक. पुढे आयर्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ झालेले रॉबर्ट बॉल त्यांपैकी एक. वर्गाबाहेरचा वेळ वडिलांच्या कर्मशाळेत जायचा. सरदाराच्या मुलांनी हातात कानस धरावी, हे त्या समाजात नवलच होते.

या बालपणात एक काळा दिवसही आहे. पार्सन्स कुटुंबाने वाफेवर चालणारी एक गाडी तयार केली होती. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी ती बर गावातून जात असताना वळणावर नात्यातल्या मेरी वॉर्ड खाली पडल्या आणि चाकाखाली सापडल्या. त्या सूक्ष्मदर्शकावर पुस्तके लिहिणाऱ्या अभ्यासक होत्या, वय ४२. यंत्रावर चालणाऱ्या वाहनाच्या अपघातात मृत्यू झालेल्या जगातल्या पहिल्या व्यक्ती म्हणून त्यांची नोंद सांगितली जाते. चार्ल्स तेव्हा १५ वर्षांचे होते आणि त्याच गाडीवर होते.

पुढे डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज आणि नंतर केंब्रिजचे सेंट जॉन्स. १८७७ मध्ये गणिताच्या परीक्षेत ते अकरावे आले. अशा मुलाने प्राध्यापक व्हायचे, वकील व्हायचे, किंवा काहीच न करता जमिनीच्या उत्पन्नावर जगायचे, असा रिवाज. चार्ल्स न्यूकॅसलला गेले आणि आर्मस्ट्राँग यांच्या एल्सविक कारखान्यात उमेदवारीला लागले. तोफा, क्रेन आणि जहाजांचा हा कारखाना. तिथे इतर कामगारांच्या बरोबरीने लेथवर उभे राहून त्यांनी हात काळे केले. त्यानंतर लीड्सच्या एका कारखान्यात दोन वर्षे रॉकेटवर चालणाऱ्या पाणतीरांचे प्रयोग झाले. ते फारसे यशस्वी ठरले नाहीत. पण वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूचे वागणे त्यांना तिथे जवळून पाहता आले, असे मानायला जागा आहे.

नेमकी अडचण काय होती?

१८८४ मध्ये पार्सन्स गेट्सहेडच्या क्लार्क चॅपमन कंपनीत कनिष्ठ भागीदार झाले. कंपनी जहाजांची यंत्रे बनवत असे आणि जहाजांवर विजेचे दिवे लावण्याचे नवे काम त्यांच्याकडे आले होते. जहाजात जागा कमी, वजन नको, हादरे नकोत. म्हणजे दट्ट्याच्या इंजिनाला पर्याय हवा होता.

वाफेचा झोत चाकाच्या पात्यांवर सोडून चाक फिरवण्याची कल्पना जुनीच होती. मग ते आधी कोणी का केले नाही? इथे थोडे गणित करू. बॉयलरमधल्या दाबाची वाफ एकदम बाहेर सोडली तर ती सेकंदाला ८०० ते १००० मीटर वेगाने धावते. आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून अधिक. या झोतातून जास्तीत जास्त ऊर्जा काढायची तर पात्यांचा वेग झोताच्या साधारण निम्मा असावा लागतो. एक फूट व्यासाचे चाक घेतले, तर त्याला मिनिटाला २५ ते ३० हजार फेऱ्या माराव्या लागतील. त्या काळच्या धातूचे चाक इतक्या वेगात फुटण्याची भीती. चाक हळू फिरवले तर वाफ बहुतेक ऊर्जा सोबत घेऊन निघून जाते. स्वीडनमध्ये दुधाची साय काढण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेले गुस्ताफ द लाव्हाल त्याच दशकात याच प्रश्नाशी झुंजत होते. त्यांनी तो प्रचंड वेग मान्य केला आणि नंतर दातेरी चाकांनी तो कमी केला. लहान यंत्रांना ते चालले, मोठ्यांना नाही.

पार्सन्स यांनी उलटा विचार केला. वाफेला एकदम धावूच द्यायचे नाही.

गडाच्या माथ्यावरून थेट उडी मारली तर हाडे मोडतात, पायऱ्यांनी उतरलो तर तेवढीच उंची सुखरूप पार होते. पार्सन्स यांनी वाफेच्या दाबासाठी पायऱ्या बांधल्या. एका लांब दांड्यावर पात्यांच्या अनेक रांगा. दोन फिरत्या रांगांमध्ये एक स्थिर रांग, जी बाहेरच्या कवचाला बसवलेली. वाफ पहिल्या स्थिर रांगेतून जाताना तिचा दाब थोडासाच उतरतो, थोडासाच वेग येतो, फिरत्या रांगेला ती ढकलते, पुढच्या स्थिर रांगेत पुन्हा योग्य दिशेला वळते, पुन्हा थोडा दाब उतरतो. असे शेवटपर्यंत.

इथे एक गंमत आहे. झोताचा वेग ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून दाबाचा उतार २५ टप्प्यांत वाटला, तर प्रत्येक टप्प्यातला वेग पंचविसावा हिस्सा होत नाही, पाचवा हिस्सा होतो. टप्पे बरेच लागतात ते त्यामुळे. पण वेग आवाक्यात येतो आणि ऊर्जा वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या टर्बाइनमध्ये फिरत्या पात्यांमधल्या वाटाही पुढे अरुंद होतात. त्यामुळे वाफ तिथेही थोडी प्रसरण पावते आणि बाहेर पडताना पात्याला मागे ढकलते. बागेत पाणी घालताना नळी जोरात सोडली की हाताला मागे हिसका बसतो, तसाच हा हिसका. पुस्तकात याला प्रतिक्रिया टर्बाइन म्हणतात. इंजिनीअरिंगच्या मुलांना या पात्यांचे वेगाचे त्रिकोण काढावे लागतात. त्रिकोणांना मार्क मिळतात, पण ते मुळात कशासाठी काढायचे हे मात्र फार थोड्या वर्गांत सांगितले जाते.

मग डायनॅमोचे काय?

इतके करूनही पहिले यंत्र मिनिटाला १८ हजार फेऱ्या मारत होते. स्वयंपाकघरातला मिक्सर रिकामा, पूर्ण वेगावर चालवला तर साधारण तेवढ्याच फेऱ्या मारतो. आता गोष्ट उलटली होती. आधी डायनॅमोला वेग हवा होता आणि इंजिन तो देऊ शकत नव्हते. आता इंजिनाकडे वेग होता आणि तो सोसणारा डायनॅमो जगात नव्हता.

पार्सन्स यांनी तोही स्वतः बनवला. माझ्या मते त्यांचे मोठेपण टर्बाइनइतकेच इथे आहे. इतक्या वेगात रोटरवरच्या तारा बाहेर फेकल्या जातात, म्हणून त्या वरून तारेचे वेढे देऊन आवळून बांधल्या. दांड्याचे वजन कितीही काळजीपूर्वक तोलले तरी तो किंचित डगमगतो. त्याला घट्ट धरून ठेवले तर बेअरिंग जळते. पार्सन्स यांनी बेअरिंगभोवती लहान-मोठ्या चकत्या एकाआड एक बसवून त्याला किंचित हलण्याची मोकळीक दिली, म्हणजे दांडा आपला तोल आपणच शोधेल. वाफ दांड्याला एका बाजूला रेटू नये म्हणून ती मधोमध सोडून दोन्ही टोकांकडे वाहू दिली. दोन्हीकडचे रेटे एकमेकांना मारतात. आजच्या मोठ्या टर्बाइनच्या कमी दाबाच्या भागातही वाफ अशीच मधून दोन्हीकडे जाते.

एप्रिल १८८४ मध्ये टर्बाइन आणि डायनॅमो या दोन्हींच्या पेटंटसाठी अर्ज झाले. पहिल्या यंत्राची क्षमता ७.५ किलोवॉट होती. आजच्या हिशेबात दीड टनाचे पाच एसी. यंत्र फार वाफ खात असे, यात शंका नाही. पण ते लहान होते, हादरत नव्हते आणि दिवे लुकलुकू देत नव्हते. जहाजमालकांना एवढे पुरेसे होते. १८८६च्या हिवाळ्यात गेट्सहेडजवळचे एक तळे गोठले, तेव्हा तिथे रात्री स्केटिंग करता यावे म्हणून याच जातीच्या एका फिरत्या यंत्राने दिवे लावले गेले. १८८९ पर्यंत अशी सुमारे ३०० यंत्रे कामाला लागली होती, बहुतेक जहाजांवर.

स्वतःचा शोध हातातून गेला

पार्सन्स यांना जहाजातले दिवे नव्हे, शहरे उजळायची होती. त्यासाठी मोठी टर्बाइन हवीत, खर्च हवा, प्रयोग हवेत. भागीदारांना त्यात तेवढा रस नव्हता. १८८९ मध्ये ते बाहेर पडले आणि न्यूकॅसलजवळ हीटन इथे स्वतःचा कारखाना काढला. वय ३५. मात्र करारानुसार पेटंट जुन्या कंपनीकडेच राहिली. म्हणजे ज्या रचनेने त्यांचे नाव झाले, तीच त्यांना वापरता येईना.

आजच्या स्टार्टअपच्या भाषेत सांगायचे तर संस्थापक बाहेर आणि तंत्रज्ञान आत. अशा वेळी माणूस कोर्टात वर्षे घालवतो किंवा धंदा बदलतो. पार्सन्स यांनी पेटंटला वळसा घातला. जुन्या रचनेत वाफ दांड्याच्या लांबीने वाहत असे. नव्या रचनेत त्यांनी ती केंद्रापासून कडेकडे वाहवली, चकतीवर गोलाकार पाती बसवून. ही रचना मूळ रचनेइतकी सोयीची नव्हती, हे त्यांना माहीत होते. तरी ते त्यावर पाच वर्षे कारखाना चालवत राहिले.

याच काळात दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. पार्सन्स यांनी न्यूकॅसलमध्ये वीजपुरवठ्यासाठी एक कंपनी उभी केली आणि १८९० मध्ये तिचे फोर्थ बँक्स वीजकेंद्र सुरू झाले. टर्बाइनवर वीज बनवून लोकांना पुरवणारे हे जगातले पहिले केंद्र. तिथे ७५ किलोवॉटची यंत्रे होती. दुसरी गोष्ट १८९२ची. केंब्रिजसाठी बनवलेल्या १०० किलोवॉटच्या टर्बाइनला त्यांनी कंडेन्सर जोडला. कंडेन्सर म्हणजे वापरलेली वाफ थंड करून तिचे पाणी करणारे पात्र. वाफेचे पाणी झाले की जागा रिकामी होते, तिथे जवळपास निर्वात पोकळी तयार होते आणि टर्बाइनला वाफेच्या शेवटच्या, अगदी कमी दाबाच्या थेंबापर्यंत काम करून घेता येते. दट्ट्याच्या इंजिनाला हे जमत नाही. कमी दाबाची वाफ इतकी फुगते की तिच्यासाठी खोलीएवढे सिलिंडर लागतील.

प्राध्यापक जेम्स अल्फ्रेड युइंग यांनी या यंत्राची चाचणी घेतली. टर्बाइन म्हणजे वाफ गिळणारे खेळणे, असे तोवर अनेक अभियंते मानत. चाचणीत ते चांगल्या दट्ट्याच्या इंजिनाच्या तोडीस तोड निघाले. टर्बाइनचे भवितव्य खऱ्या अर्थाने इथे ठरले, पुढच्या गाजलेल्या जहाजी पराक्रमात नव्हे.

१८९४ मध्ये पार्सन्स यांना आपली जुनी पेटंट परत मिळाली. पण तेव्हा त्यांची मुदत संपायला चारच वर्षे उरली होती. १८९८ मध्ये ती पाच वर्षांनी वाढवून देण्यात आली. शोधकर्त्याला शोधाचा लाभ मिळालाच नाही, हा मुद्दा मान्य झाला.

राणीच्या सोहळ्यातली घुसखोरी

पेटंट हातात येताच पार्सन्स यांनी जहाजाकडे मोर्चा वळवला. १८९४ मध्ये त्यांनी 'टर्बिनिया' ही ४४ टनांची, सुमारे १०४ फूट लांब आणि जेमतेम ९ फूट रुंद नौका पाण्यात उतरवली. यंत्रात ताकद भरपूर, तरी नौका २० नॉटच्या पुढे जाईना. दोष टर्बाइनचा नव्हता. पंखा इतक्या जोरात फिरत होता की पात्यांमागे पाण्यात पोकळ बुडबुडे तयार होत आणि पंखा पाण्याऐवजी त्या पोकळीतच गरगरत राही. पार्सन्स यांनी तांब्याची एक लहान टाकी केली, तिच्यात दोन इंची पंखा बसवला, हवेचा दाब उतरवला, पाणी गरम केले आणि झपझप लुकलुकणाऱ्या प्रकाशात हे बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग नौकेला एकाऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवले. वेग ३४ नॉटवर गेला, म्हणजे ताशी ६० किलोमीटरहून अधिक. तेव्हा पाण्यावर इतके वेगवान काहीच नव्हते.

२६ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या ६० वर्षांनिमित्त स्पिटहेडला ब्रिटिश आरमाराची भव्य पाहणी चालू होती. युवराज, परदेशी पाहुणे, युद्धनौकांच्या लांबच लांब रांगा. त्या रांगांमधून टर्बिनिया सुसाट निघाली. तिला अडवायला गेलेल्या आरमाराच्या गस्ती नौका मागेच राहिल्या. ही घुसखोरी कितपत परवानगीने होती, यावर आजही वाद घातला जातो. परिणामावर वाद नाही. आरमाराने टर्बाइनच्या दोन विनाशिका घेतल्या.

त्याही दोन्ही बुडाल्या. ऑगस्ट १९०१ मध्ये 'व्हायपर' धुक्यात खडकावर आदळली. पुढच्याच महिन्यात 'कोब्रा' वादळी समुद्रात मधोमध मोडली आणि ६७ जण गेले. त्यांत पार्सन्स यांच्या कारखान्यातली माणसेही होती. ठपका टर्बाइनवर आला नाही, पण ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षे काम केले ते सहकारी एका रात्रीत गेले. तरीही काम थांबले नाही. १९०६ची 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका टर्बाइनवर धावली आणि जगातली आधीची सगळी आरमारे जुनी झाली. 'मॉरिटेनिया' या प्रवासी जहाजाने अटलांटिकचा विक्रम २० वर्षे टिकवला. 'टायटॅनिक'चा मधला पंखाही पार्सन्स पद्धतीच्याच टर्बाइनवर फिरत होता. बाजूच्या दोन दट्ट्याच्या इंजिनांनी वापरून सोडलेल्या कमी दाबाच्या वाफेवर तो चालायचा.

चंद्रपूरपर्यंतचा प्रवास

इकडे जमिनीवर आकडे वाढत होते. जर्मनीतल्या एल्बरफेल्ड शहरासाठी १९०० मध्ये एक हजार किलोवॉटची दोन यंत्रे गेली. १९१२ मध्ये शिकागोसाठी २५ हजार किलोवॉटचे यंत्र, १९२३ मध्ये त्याच शहरासाठी ५० हजारांचे. साडेसातवरून पन्नास हजार, एका माणसाच्या हयातीत.

आज चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचे संच आहेत, कोराडीत ६६० मेगावॉटचे. एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट. रचना आता अधिक गुंतागुंतीची आहे. उच्च, मध्यम आणि कमी दाबाचे टर्बाइन एकाच दांड्यावर ओळीने बसवतात, मध्ये वाफ पुन्हा तापवतात, काही टप्प्यांत वेगळ्या पद्धतीची पाती असतात. वाफ फुगत जाते तशी पाती लांब होत जातात. पहिल्या रांगेत बोटभर, शेवटच्या रांगेत जवळपास मीटरभर. पण दाबाच्या पायऱ्या त्याच आहेत.

आपल्याकडे हा दांडा मिनिटाला बरोबर ३००० फेऱ्या मारतो. हा आकडा कुठून आला? रोटरच्या चुंबकाला एक उत्तर आणि एक दक्षिण ध्रुव असतो. एका फेरीत विजेचे एक आवर्तन पूर्ण होते. ३००० भागिले ६० म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने, आपल्या ग्रिडची ५० हर्ट्झ. राज्यात अचानक लाखो पंखे सुरू झाले की जनित्रावरचा भार वाढतो, रोटर किंचित मंदावतो आणि ५०चा आकडा खाली येऊ लागतो. मग झडपा उघडून जास्त वाफ सोडली जाते. शेकडो टनांच्या या फिरत्या वस्तुमानामुळे ग्रिडला सावरायला काही सेकंद मिळतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नसते, म्हणून सौरऊर्जेचा वाटा वाढताना हे सेकंद कुठून आणायचे, यावर सध्या जगभर काम चालू आहे.

टर्बाइनमुळे कोळशाची वीज स्वस्त झाली आणि कोळशाचा धूरही वाढला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण ३५ ते ४० टक्केच विजेत उतरते, बाकी कंडेन्सरमधून आणि चिमणीतून जाते. कोळसा कायमचा पुरणार नाही, याचा विचार पार्सन्स यांनी तेव्हाच केला होता. जमिनीखालची उष्णता वापरता येते का, हे पाहण्यासाठी १२ मैल खोल विवर खणावे, असा प्रस्ताव त्यांनी १९०४ मध्ये मांडला. कोणी खणले नाही.

हिरे, दुर्बिणी आणि मुलगी

सगळेच प्रयोग फळले नाहीत. कोळशातल्या कार्बनवर प्रचंड दाब आणि उष्णता देऊन कृत्रिम हिरा बनवण्यावर त्यांनी अनेक वर्षे आणि बराच पैसा घालवला. शेवटी, आपल्याला किंवा अजून कोणालाही तो साधलेला नाही, या निष्कर्षावर ते आले. तो निष्कर्ष खरा होता. कृत्रिम हिरा जमला तो १९५०च्या दशकात. दाबलेल्या हवेने आवाज मोठा करणारा ग्रामोफोनही त्यांनी बनवला. १९२५ मध्ये त्यांनी डबघाईला आलेली ग्रब ही दुर्बिणी बनवणारी कंपनी विकत घेतली. वडिलांचा नाद इतक्या वर्षांनी परत आला. याच ग्रब पार्सन्सने पुढे ४.२ मीटरची विल्यम हर्शेल दुर्बीण घडवली.

त्यांच्या घरातल्या दोन स्त्रियांबद्दल लिहिल्याशिवाय हे चरित्र अपुरे राहील. पहिल्या महायुद्धात मुलगा सैन्यात गेला, तेव्हा केंब्रिजमध्ये यंत्रशास्त्र शिकलेली मुलगी रेचेल हीटनच्या कारखान्यात त्याच्या जागी आली. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना तिने प्रशिक्षण दिले. १९१८ मध्ये मुलगा युद्धात मारला गेला. युद्ध संपल्यावर परतलेल्या पुरुषांना जागा देण्यासाठी देशभरातल्या कारखान्यांतून बायकांना घरी पाठवण्यात आले. १९१९ मध्ये रेचेल, आई कॅथरिन आणि इतर काही जणींनी मिळून महिला अभियंत्यांची संस्था स्थापन केली. रेचेल पहिली अध्यक्ष झाली. ती संस्था आजही चालू आहे.

चार्ल्स पार्सन्स यांना १९११ मध्ये सर किताब मिळाला, १९२७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. हा सन्मान मिळालेले ते पहिले अभियंता. त्यांना भाषणे जमत नसत आणि ते मोजकेच बोलत.

११ फेब्रुवारी १९३१ रोजी वेस्ट इंडीजच्या सफरीवर असताना जमैकातल्या किंग्स्टन बंदरात जहाजावरच त्यांचे निधन झाले. वय ७६. 'डचेस ऑफ रिचमंड' हे ते जहाज वाफेच्या टर्बाइनवर चालणारे होते. १८८४चे ७.५ किलोवॉटचे यंत्र आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, टर्बिनिया न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये. हीटनचा कारखाना अनेक विलीनीकरणांनंतर १९९७ मध्ये सीमेन्सकडे गेला.